जास्तीचा पाना

तिसऱ्यांदा मोजली तरी हत्यारं तेहतीसच भरली.

ट्रेमध्ये बत्तीस असायला हवी होती. सकाळी मी सही करून बत्तीसच घेतली होती. एक कमी भरलं असतं तर काय करायचं ते मला पाठ होतं: काम थांबवायचं, साहेबांना सांगायचं आणि ते हत्यार सापडेपर्यंत विमानाला हँगरबाहेर जाऊ द्यायचं नाही. एक जास्त भरलं तर काय करायचं, हे तीन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

भिंतीवरच्या बोर्डावर प्रत्येक हत्याराची आकृती पिवळ्या रंगात काढलेली होती. मी एकेक जागच्या जागी लावत गेले. सगळ्या आकृत्या भरल्या आणि माझ्या हातात एक छोटा रिंग पाना उरला. जुना होता, मधोमध किंचित वाकलेला. दांड्यावर जिथे मालकाची खूण ठोकलेली असते, तिथे कानशीने घासून सपाट केलं होतं. विमानाच्या कामात वाकलेला पाना कोणी ठेवत नाही. तो त्याच दिवशी भंगारात जातो.

मी फिरोजला हाक मारली. फिरोज तडवी माझ्यासारखाच शिकाऊ, रावेरकडचा. आयटीआयमधून फिटर होऊन आलेला. त्याने पाना लांबूनच पाहिला आणि हातातल्या चिंध्यांकडे बघत म्हणाला, "तुझ्याकडेपण आला का?"

त्याच्या ट्रेमध्ये तो दोन महिन्यांपूर्वी निघाला होता. त्याने बाकावर ठेवून दिला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रेमध्ये. मग त्याने तो भंगाराच्या डब्यात टाकला आणि विषय संपवला. कोणाला सांगितलं नाही. मीही सांगू नये असं त्याचं मत पडलं. आपण इथे सह्या गोळा करायला आलोय, उगाच वेड्यात कशाला निघायचं, असं तो म्हणाला.

मला ते पटलं. हँगरच्या मागच्या भिंतीला आम्हा शिकाऊंची लोखंडी कपाटं होती. माझ्या कपाटात मी पाना ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली.

हे १९९८ च्या एप्रिलमधलं. विदर्भातल्या एका गावाबाहेर जुनी धावपट्टी होती आणि तिथे दोन छोटी विमानं भाड्याने देणारी एक कंपनी. मी मंजिरी भंगाळे, भुसावळची, एकवीस वर्षांची. वडील लोको शेडमध्ये होते. इंजिनंच दुरुस्त करायची तर रेल्वेची काय वाईट आहेत, एवढंच त्यांनी विचारलं होतं. बारावीनंतर तीन वर्षं मी विमान देखभालीच्या संस्थेत शिकले, पेपर दिले. पुढचा टप्पा प्रत्यक्ष कामाचा. केलेलं प्रत्येक काम एका वहीत लिहायचं आणि त्यापुढे परवाना असलेल्या इंजिनिअरची सही घ्यायची. त्या सह्या पुरेशा झाल्या की स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. परवाना मिळाला की आपल्या सहीवर विमान उडतं. मला तेच हवं होतं.

सही करणारे होते वऱ्हाडपांडे सर. नागपूरचे, कमी बोलणारे, कागदाला पक्के. माझ्या सहा महिन्यांच्या पानांवर ते येत्या सोमवारी सह्या करणार होते.

त्यांच्या हाताखाली, पण हँगर खरा ज्यांच्या जोरावर चालायचा, ते गणवीर काका. मोरेश्वर गणवीर. सतराव्या वर्षी हवाई दलात भरती झाले, तिथेच विमानाचं काम शिकले, सार्जंट होऊन बाहेर पडले. आता पन्नाशीला आलेले. नुसता आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगायचे. परवान्याचे सगळे पेपर ते कधीच पास झाले होते, पण त्यांनी अर्ज मात्र केला नव्हता. वऱ्हाडपांडे सरांनीसुद्धा त्यांना अनेकदा सांगून पाहिलं होतं. कोणी कारण विचारलं की ते हसायचे आणि पान्याने काहीतरी आवळायला घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी मोठ्या विमानाच्या वार्षिक तपासणीचा शेवट होता. मोठं म्हणजे सहा जणांचं, एका इंजिनाचं. त्याच्या पुढच्या सकाळी त्यातून चार डॉक्टर नेत्रशिबिरासाठी गडचिरोलीकडे जायचे होते. वऱ्हाडपांडे सरांनी सकाळीच बाहेरून वाकून शेपटीचा आतला भाग पाहून यादीवर खुणा केल्या होत्या. मला फक्त आतलं जुनं ग्रीस पुसून नवीन लावायचं होतं. त्या शेपटीत शिरू शकेल इतकी बारीक मी एकटीच होते.

दुपारचे दोन वाजले होते. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश. वऱ्हाडपांडे सर ऑफिसात फोनवर होते, गणवीर काका जीप घेऊन नायट्रोजनची टाकी आणायला शहरात गेले होते. फिरोज हँगरच्या दारात दुसऱ्या विमानाचं चाक उघडून बसला होता. धावपट्टीवर एक पाखरू नव्हतं. उन्हाने पलीकडचं टोक पाण्यासारखं हलत होतं.

सामानाच्या जागेमागची पत्र्याची झडप काढून मी पोटावर आत सरकले. आत डोकं वर करता येत नाही. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या फासळ्या, त्यांवर पातळ पत्रा आणि मधून मागे जाणाऱ्या पोलादी दोऱ्या. वैमानिक दांडा ओढतो तेव्हा याच दोऱ्या शेपटीची पट्टी वर-खाली करतात. पुढे पुढे सगळं निमुळतं होत जातं आणि शेवटी हात घालण्यापुरतीच जागा राहते. मी ग्रीस पुसत होते. एका दोरीवरच्या ताण जुळवण्याच्या नळीला बांधलेली बारीक तार उसवल्यासारखी दिसली. नवी बांधावी म्हणून मी जुनी कापून डबीत टाकली आणि तारेच्या रिळाकडे हात नेला.

तेवढ्यात डाव्या कानाशी पत्र्यावर ठक, ठक, ठक झालं.

उन्हाने पत्रा तडतडतो, तो आवाज मला माहीत होता. तो कसाही येतो. हा मोजून तीनदा आला होता, बोटाच्या पेराने वाजवावा तसा. मला वाटलं, फिरोज. मी टॉर्चच्या बुडाने दोनदा वाजवलं. बाहेरून दोनदा आलं. मी चारदा वाजवलं. चारदा आलं.

मला हसू आलं. "फिरोज, पुरे आता," मी म्हटलं.

मग बराच वेळ काही नाही. माझा श्वास त्या नळकांड्यात मोठा ऐकू येत होता. आणि मग ठक झालं, पण या वेळी पुढून. शेपटीच्या अगदी टोकाकडून, जिथे माझा पंजासुद्धा जेमतेम शिरेल तिथून, आतल्या बाजूने. एक ठोका. मग त्याच्या अलीकडच्या फासळीवर एक. मग आणखी अलीकडे. मी टॉर्च तिकडे धरला. दोऱ्या, फासळ्या, पत्रा, बाकी काही नव्हतं. ठोका पुढच्या फासळीवर आला.

मी उलटी सरकत बाहेर पडले. कोपर सोलपटलं ते नंतर कळलं. विमानाभोवती कोणी नव्हतं. फिरोज पन्नास पावलांवर दारात तसाच बसलेला, हात चाकात कोपरापर्यंत काळे. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "झालं का तुझं ठोकून? केव्हाची वाजवतेस."

"तू नाही वाजवलंस?"

"मी इथेच आहे. मला वाटलं तूच आतून वाजवतेयस."

मी पाणी प्यायले. टॉर्च आतच राहिला होता आणि तो आत ठेवून झडप बंद करणं शक्य नव्हतं. मी फिरोजला झडपेशी उभा केला आणि त्याला बोलत राहायला सांगितलं. तो बिचारा त्याच्या गावच्या केळीच्या बागेबद्दल मोठमोठ्याने बोलत राहिला आणि मी आत सरकले. टॉर्च तसाच पेटलेला होता. आणि जिथे पाच मिनिटांपूर्वी माझं कोपर टेकलेलं होतं, तिथे तो वाकलेला पाना पडला होता.

मी टॉर्च, डबी, रीळ आणि पाना, सगळं ओंजळीत गोळा करून बाहेर आले. सरळ कपाटाकडे गेले. कुलूप लागलेलं होतं. किल्ली माझ्या गळ्यात होती. उघडलं तर आत माझा डबा, ओढणी आणि वही. पाना नव्हता.

फिरोजने माझ्या हाताकडे पाहिलं आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला. आम्ही दोघांनी मिळून झडपेचे सव्वीस स्क्रू बसवले. संध्याकाळी मोजणी केली. बत्तीस. पाना माझ्या खिशात होता. गणवीर काका शहरातून आले, त्यांनी बोर्डावरून नजर फिरवली, मग माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. माझा चेहरा उतरलेला दिसला असेल, असं मला वाटलं. वऱ्हाडपांडे सरांनी तपासणी संपल्याच्या कागदावर सही केली.

मी काही बोलले नाही. हे सांगायला मला आजही कमीपणा वाटतो. खोलीवर जाऊन मी स्वतःला एकच गोष्ट समजावत राहिले: पाना आत होता, तो मी काढला, आता आत काही नाही. पण हे पटायला एक जागा अडत होती. तो आत कसा गेला हे मला माहीत नव्हतं. आणि जे मला माहीत नाही ते एकच आहे, असं कशावरून?

सकाळी सात वाजता विमान हँगरबाहेर उभं होतं. डॉक्टर आले होते, त्यांच्या औषधांच्या पेट्या चढत होत्या. वैमानिक भोवती फिरून तपासत होता. गणवीर काका चाकाखालच्या लाकडी ठोकळ्यांची दोरी हातात धरून उभे होते. मी वऱ्हाडपांडे सरांसमोर गेले आणि खिशातला पाना काढून दाखवला. काल दुपारी हा शेपटीत सापडला, असं सांगितलं. आवाजाचं सांगितलं नाही.

त्यांनी पाना हातात घेतला. विचारलं, हा आपल्या यादीतला आहे का. मी नाही म्हटलं. काल बोर्ड पूर्ण भरला होता का. हो. मग कमी काही नाहीये. नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं. चारही डॉक्टर आता आमच्याकडे बघत होते.

"मग अडचण काय आहे भंगाळे? आत एक वस्तू होती, तू बाहेर काढलीस. कालच सांगायला हवं होतंस, त्याचं मी नंतर बघतो."

"तो आत कसा गेला ते मला माहीत नाही सर," मी म्हटलं. "म्हणून आत आणखी काय आहे तेही माहीत नाही. मला पुन्हा आत जायचंय."

ते चिडले होते. आवाज चढवला नाही, पण त्यांनी मला स्पष्ट विचारलं की सहा महिन्यांच्या सह्या सोमवारी व्हायच्या आहेत हे मला आठवतंय ना. तपासणी संपलेलं विमान शिकाऊच्या शंकेवरून उघडायचं म्हणजे त्यांची स्वतःची सही खोटी पडणार होती. मी मान खाली घातली. मला वाटलं, झालं, आता ते मला बाजूला व्हायला सांगतील.

तेव्हा मागून गणवीर काका बोलले. त्यांनी दोरी खाली टाकली होती आणि ते सरांच्या हातातल्या पान्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"साहेब, उघडू द्या तिला," ते म्हणाले. "मी सांगतो, उघडू द्या."

इतक्या वर्षांत त्यांनी साहेबांना असं काही म्हटलं नव्हतं. सरांनी वैमानिकाला थांबायची खूण केली.

सव्वीस स्क्रू निघाले. मी आत सरकले. सकाळची हवा होती, आत गार होतं आणि अगदी शांत. मी टॉर्च एकेका फासळीवरून फिरवत गेले. काही नव्हतं. मग उजेड त्या दोरीवरच्या नळीवर पडला. नळीला तार नव्हती. जुनी मी कापली होती, नवी बांधली नव्हती. ठोके ऐकू आले आणि मी ते विसरले. ते काम यादीत नव्हतं, म्हणून नंतर कोणी तपासणारही नव्हतं. तार नसेल तर इंजिनाच्या थरथरीने नळी हळूहळू फिरत जाते, दोरी सैल होते आणि एखाद्या दिवशी सुटते. ते उतरताना होईल, चढताना होईल, सांगता येत नाही.

मी बाहेर आले. "हे माझं आहे सर," मी म्हटलं आणि डबीतली कापलेली तार त्यांच्या हातावर ठेवली.

वऱ्हाडपांडे सर स्वतः झडपेतून वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग विमानाच्या पायरीवर बसले. मला रागावले नाहीत. त्यांनी डॉक्टरांना जीपने रवाना केलं, कालचा आपला कागद मागवला आणि त्यावरची स्वतःची सही दोन आडव्या रेघांनी खोडली. सोमवारी माझ्या वहीवर त्यांनी सह्या केल्या नाहीत. ते सहा महिने मला पुन्हा करावे लागले.

त्याच दुपारी गणवीर काकांनी मला पाण्याच्या टाकीच्या सावलीत बोलावलं. ते खाली बसले होते, पाय पसरून, थकल्यासारखे. पाना त्यांच्या मांडीवर होता. सरांकडून त्यांनी तो मागून घेतला होता.

"तू पाना परत आणला पोरी," ते म्हणाले. "अकरा वर्षांत कोणी नाही आणला."

मग त्यांनी सांगितलं ते असं. चौदा वर्षांपूर्वी ते दुसऱ्या एका धावपट्टीवर कामाला होते. तिथे कपाशीवर औषध फवारणारं एकाच माणसापुरतं विमान होतं. एका संध्याकाळी शेपटीचं काम करून त्यांनी हत्यारं मोजली, तर एक पाना कमी. पाच वर्षांची नोकरी, उड्डाण सकाळी. त्यांनी स्वतःच्या पेटीतला तसाच एक पाना बोर्डावर लावला. बोर्ड भरला. सकाळी उठून शोधू, असं मनाशी म्हणाले. सकाळी ते पोचायच्या आधी विमान वर गेलेलं होतं. कॅप्टन कोलारकर नावाचा तरुण वैमानिक होता. फवारायला शेतावर खाली आलेलं विमान पुन्हा वर आलंच नाही.

अवशेष गोळा करायला जी माणसं गेली त्यांत काका होते. शेपटीत, दोऱ्या जिथे वळतात तिथे, पाना अडकलेला होता, दाबाने वाकलेला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तो खिशात घातला. चौकशीत निघालं की वैमानिकाने विमान नको इतकं खाली आणलं. फाईल बंद झाली.

"त्याच्यानंतर सही करायची हिंमत नाही झाली," काका म्हणाले. "म्हणून अर्ज नाही केला. लोकांना वाटते मी साधा माणूस आहे."

इथे आल्यापासून ते प्रत्येक नव्या शिकाऊच्या ट्रेमध्ये तो पाना एकदा तरी टाकत. कमी पडलेलं हत्यार सगळे सांगतात, कारण सापडलं नाही तर पकडले जातात. जास्तीचं कोण सांगतं, ते त्यांना बघायचं होतं. ज्या दिवशी कोणी तो घेऊन येईल त्या दिवशी आपणही सगळं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. सतरा जण येऊन गेले. कोणी भंगारात टाकला, कोणी बाकावर ठेवला. एकाने कुंपणापलीकडे फेकला, तेव्हा काकांनी दोन दिवस गवतात शोधला. प्रत्येक वेळी त्यांना वाईट वाटे आणि सुटल्यासारखंही.

त्यांना माझ्याकडून धीराचे शब्द नको होते. उठून ते सरळ वऱ्हाडपांडे सरांच्या ऑफिसात गेले आणि दार लावून घेतलं. चार दिवसांनी त्यांचा लेखी जबाब आणि पाना, दोन्ही रजिस्टर पोस्टाने योग्य त्या कार्यालयात गेले. पुढे त्यांची नोकरी सुटली, चौकशीला दोनदा जावं लागलं. मला परवाना मिळाला तो आणखी दोन वर्षांनी. आज माझ्या हाताखाली नऊ जण काम करतात. फिरोजनेही पुढे पेपर दिले. तो आता आखातात एका मोठ्या विमानतळावर आहे.

पण त्याआधी, त्याच वर्षीच्या मे महिन्यात, काकांनी मला एका रविवारी अमरावतीला सोबत येशील का म्हणून विचारलं. कोलारकरांच्या बायकोचा पत्ता त्यांनी मिळवला होता. एकटं जायला पाय उचलत नव्हता.

एसटीत आम्ही मागच्या बाकावर बसलो. बडनेरा मागे पडलं. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की पाना ट्रेमध्ये दिसल्यावर तो मी इतके दिवस कुठे ठेवला होता.

मी म्हटलं, "इतके दिवस नाही. एकच रात्र कपाटात होता, कुलपात. दुसऱ्या दिवशी तुम्ही तो शेपटीत ठेवलात ना, मी काम करत होते तिथे." कुलपातून तो त्यांनी कसा काढला, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं.

ते माझ्याकडे वळले.

"मी फक्त ट्रेमध्ये टाकला होता," ते म्हणाले. "शेपटीत मी काही ठेवलं नाही. मी शहरात होतो त्या दिवशी. तू साहेबांना 'शेपटीत सापडला' म्हणाली, ते मी ऐकलं. मला वाटलं, पोरगी घाबरून काहीतरी सांगते. पण शेपटीचं नाव काढल्यावर मला राहवलं नाही."

मग मी त्यांना ठोक्यांबद्दल सांगितलं, पहिल्यांदाच. तीन ठोके, माझे दोन, त्याचे दोन. शेपटीच्या टोकाकडून एकेका फासळीने जवळ आलेला आवाज. ते ऐकत होते. त्यांनी समोरच्या सीटची दांडी घट्ट धरली होती.

"त्याच्यामुळे तू तार विसरली," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"आणि त्याच्यामुळेच परत उघडलं."

त्या आवाजाला आम्हाला मारायचं होतं की वाचवायचं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि सव्वीस वर्षांत अनेकदा विचार करूनही कळलेलं नाही. बस स्टँडात शिरली.

कोलारकर बाई दुसऱ्या मजल्यावर राहत. टेलिफोन कार्यालयात नोकरीला होत्या. पंचेचाळीशीच्या, सरळ बांध्याच्या, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं. खोली नीटनेटकी होती. पुस्तकांचं कपाट, शिवणाचं मशीन, भिंतीवर कॅलेंडर. काका बसायला तयार होईनात. उभ्यानेच त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मोजणीपासून खिशात घातलेल्या पान्यापर्यंत सगळं सांगितलं. मधे एकदाही थांबले नाहीत.

बाई ऐकत होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. काकांचं संपलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"पाना कमी आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

"आदल्या संध्याकाळी," काका म्हणाले.

बाईंनी मान हलवली. खालच्या रस्त्यावर भांडीवाला ओरडत गेला.

"अहवालात लिहिलं होतं, हौसेपोटी खाली आणलं," त्या म्हणाल्या. "घरी बायको आहे, चार वर्षांचं पोर आहे, आणि या माणसाने हौस केली. मी त्यांचा फोटो लावला नाही या घरात. लोक विचारायचे. मी म्हणायचे, आमचा विचार त्यांनी केला नाही, मी त्यांचा का करू."

काकांनी हात जोडले. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. त्या उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. दार लोटलं गेलं. मला वाटलं, आता त्या बाहेर येणार नाहीत, आम्ही निघावं. मी काकांच्या दंडाला हात लावला, पण ते हलले नाहीत.

दार उघडलं. बाईंबरोबर अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा होता. झोपेतून उठवल्यासारखा, शर्टाची बटणं लावत. आम्ही कोण, हे त्याला कळत नव्हतं. बाईंनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या मागे उभ्या राहून दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले.

"आता पहिल्यापासून सांगा," त्या काकांना म्हणाल्या. "याला ऐकू दे."

गणवीर काकांनी रुमालाने तोंड पुसलं, मुलाकडे पाहिलं आणि स्वतःच्या नावापासून सुरुवात केली.